दप्तर वाटणारे आणि दार ठोठावणारे

राज्य सरकारने सप्टेंबर 2023 मध्ये शाळा दत्तक देण्याची योजना आणली तेव्हा पेटलेला वाद अजूनही अधूनमधून धुमसत असतो. उद्योगसमूहांनी, संस्थांनी किंवा सधन व्यक्तींनी सरकारी शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घ्यावी, तिला सोयीसुविधा पुरवाव्यात आणि हवं तर शाळेच्या नावाला आपलं नाव जोडावं, अशी ती कल्पना. सरकार शिक्षणातून अंग काढून घेतंय, अशी ओरड एका बाजूने लगेच सुरू झाली. दुसऱ्या बाजूने उलट सवाल आला: कुणी पदरमोड करून गरिबाच्या पोराचं भलं करत असेल तर तुमच्या पोटात का दुखतं? दोन्हीकडून बोलणारे बहुतेक एकाच थराचे होते, ज्यांची स्वतःची मुलं सरकारी शाळेत जात नाहीत. असो. या धुमश्चक्रीत चेंगरल्या त्या मात्र छोट्या संस्था. वस्तीतल्या एखाद्या पत्र्याच्या खोलीत, चार-पाच कार्यकर्त्यांच्या जिवावर, पन्नास-साठ मुलांना धरून बसणाऱ्या. एका बाजूने त्यांना सरकारच्या पापाचे वाटेकरी ठरवलं, तर दुसऱ्या बाजूने त्यांना सरकारी शाळेला पर्याय म्हणून मिरवलं.

माझ्या मते दोन्ही चूक आहे. गरीब वस्तीत काम करणारी छोटी संस्था सरकारी शाळेला पर्याय नाही आणि तिने तसं होऊही नये. पण म्हणून ती सरकारच्या नाकर्तेपणावर घातलेलं पांघरूणही ठरत नाही. ती काय ठरते, हे ती रोज नेमकं कुठलं काम करते यावर अवलंबून आहे. आणि ते काम कुठलं असावं हे बऱ्याचदा संस्था ठरवतच नाही, तिला पैसे देणारे आपण ठरवतो. भांडायचंच असेल तर या मुद्द्यावर भांडू.

आधी विरोधकांचं जे खरं आहे ते मान्य करायला हवं, आणि ते थोडंथोडकं नाही. पहिला आक्षेप हक्काचा. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने कलम 21-अ आलं, 2009 मध्ये शिक्षण हक्काचा कायदा झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण हा मूलभूत हक्क म्हणून लागू झाला. जे हक्काचं आहे तेच कुणाच्या तरी हस्ते, शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमात मिळायला लागलं, तर मूल आणि त्याचे आईबाप काय शिकतात? हात जोडायला शिकतात. हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो, कारण हे नुकसान कुठल्याच हिशेबात दिसत नाही. दुसरा आक्षेप आवाक्याचा: राज्यात सरकारी शाळांत शिकणारी मुलं लाखोंनी, आणि तुमची संस्था साठ मुलांची. तिसरा सातत्याचा. स्वयंसेवक येतात, दोन महिने गाणी म्हणून घेतात आणि परीक्षा किंवा नोकरी आली की जातात. मुलांना दर वर्षी नवी ताई, नवा दादा. चौथा आक्षेप राजकीय आहे. कमी पटाच्या शाळा बंद करायच्या, शिक्षकांची पदं रिकामी ठेवायची आणि उरलेली खिंडारं संस्थांनी बुजवायची, ही सोय सरकारला फार आवडते. दहापेक्षा कमी पट असलेल्या तेराशेहून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय 2017 च्या अखेरीस इथे झाला होता, हे विसरण्याजोगं नाही.

यातलं एकही म्हणणं मी खोडून काढणार नाही. पण त्यातून ‘म्हणून संस्था नकोत’ हा निष्कर्ष कसा निघतो? तो निघायचा तर एक गोष्ट गृहीत धरावी लागते, की जो स्वतः काम करतो तो मागणी करत नाही. सेवा आणि संघर्ष या दोन वेगळ्या वाटा आहेत. हे गृहीतक महाराष्ट्राच्या इतिहासात तरी टिकत नाही. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी 1848 मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली ती आजच्या भाषेत एक छोटी संस्थाच होती. वर्गण्या गोळा करणारी, काही युरोपीय अधिकाऱ्यांच्या देणग्या घेणारी, दक्षिणा फंडातून अनुदान मिळावं म्हणून अर्ज करणारी, जागेसाठी आणि पैशांसाठी सतत अडलेली. त्यावेळी कुणी असं म्हणालं असतं का, की तुम्ही शाळा काढून कंपनी सरकारला मोकळं करताय? आणि 1882 मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन देताना हेच जोतिराव काय म्हणाले? रयतेच्या कष्टातून सरकारचा महसूल उभा राहतो आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर, असं त्यांनी स्पष्ट मांडलं. निदान बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. निवेदनात त्यांनी आपला अधिकार कशावर टेकवला हेही पाहण्यासारखं आहे. आपण आणि आपल्या पत्नीने अनेक वर्षं शाळेत काम केलं, आसपासच्या गावांतली परिस्थिती पाहिली, हे ते आधी सांगतात आणि मग मागण्यांकडे वळतात. शेतकऱ्याचं पोर गुरांमागे आणि शेतावर अडकलेलं असतं, म्हणून नुसती शाळा काढून भागणार नाही, शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं देऊन आईबापांना उत्तेजन द्यावं लागेल, ही सूचना कचेरीत बसून सुचणारी नव्हे. शाळा चालवली म्हणूनच मागणी इतकी नेमकी झाली. गोखल्यांचं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक 1912 मध्ये फेटाळलं गेलं आणि शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापुरात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, मूल न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड लावला. पण महाराजही आधी वसतिगृहं उभारत आले होते. खेड्यातलं पोर शहरात राहणार कुठे आणि खाणार काय, हा प्रश्न सुटल्याशिवाय शाळेचं दार उघडं असून उपयोग नाही, हे त्यांना वसतिगृहांनी शिकवलं असणार.

शाळेचं दार उघडं असणं आणि मूल त्या दारातून आत जाणं, यांत जे अंतर आहे तेच माझ्या मते छोट्या संस्थेचं खरं कार्यक्षेत्र. ते जवळून पाहावं लागतं. दिवाळी झाली की बीडच्या, नगरच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, त्यामुळे ‘यंदा नको’ म्हणण्याची सोय नसते. मुलं बरोबर जातात. आईबाप पहाटेच उसाच्या फडात गेले की पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, दहा-अकरा वर्षांची मुलगी तान्ह्या भावाला कडेवर घेऊन बसते, पाणी भरते, भाकरी थापते. तिचं नाव तिकडे गावच्या शाळेत पटावर असतं. ते तिथून कमी व्हावं असं शाळेलाही वाटत नाही, कारण संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे, पटावर ठरतं आणि शिक्षकाचं पद संचमान्यतेवर. म्हणजे कागदोपत्री मुलगी चौथीत शिकतेय. कारखान्याजवळच्या शाळेला विचारलं तर ती आमच्या पटावर नाही, म्हणून आमची नाही. सरकारने काहीच केलेलं नाही असं नाही. मुलांना मागे ठेवता यावं म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे, स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावी वर्गात बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्डही आलं. पण ते कार्ड मुलीच्या हातात कोण देणार, कारखान्याजवळच्या मुख्याध्यापकांना ते कोण दाखवणार, आणि भावाला कुठे ठेवायचं याचं उत्तर कोण शोधणार? या तीन प्रश्नांसाठी शिक्षण खात्यात एकही पद नाही.

शहरातही चित्र फारसं वेगळं नाही, फक्त कागद वेगळे. बांधकामावरच्या कुटुंबातलं मूल शाळेत न्यायचं तर जन्मदाखला गावी, आधार कार्डावर नाव एक आणि अंगणवाडीच्या नोंदीत दुसरं, आधीच्या शाळेचा दाखला मिळालेला नाही. अशा वेळी वस्तीत काम करणारी ताई काय करते? मी पाहिलेल्या एका ताईच्या पिशवीत कायद्याच्या काही कलमांची छापील प्रत असते, प्लास्टिकच्या पाकिटात. चौथं कलम म्हणतं, शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात घ्या आणि विशेष प्रशिक्षण द्या. पाचवं सांगतं की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येणार नाही. चौदावं, वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही. मुख्याध्यापक ‘पुढच्या सोमवारी या’ म्हणाले की ती पाकीट टेबलावर ठेवते आणि सोमवारपर्यंत इथेच बसते अशा थाटात खुर्ची ओढते. आवाज चढवत नाही. प्रवेश झाला की लेखी पोच मागते, आणि आठवड्याभराने मूल वर्गात आहे का हे बघायला पुन्हा येते. या बाईला कुठल्या खान्यात टाकणार? ती सरकारचं काम स्वतः करत नाहीये, ती सरकारकडून सरकारचं काम करून घेतेय. तिने वस्तीतच वेगळी शाळा काढून त्या मुलाला तिथे बसवलं असतं तर सरकार सुटलं असतं, हे टीकाकारांचं म्हणणं तिला लागू झालं असतं. फरक आहे तो हा.

आता आवाक्याचा आक्षेप. साठ मुलांनी काय होणार? बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये पालघरकडच्या बोर्डीत आणि पुढे 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर जे केलं तेही आकड्यांत फार मोठं नव्हतं. आदिवासी मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी पाड्यावर, घराच्या अंगणात नेऊ. मुलं गुरं राखायला कुरणात जातात, तर शाळा कुरणात भरवू. एका टेकडीवरचे हे उद्योग. त्यातली अंगणवाडी 1975 मध्ये एकात्मिक बालविकास योजनेचा कणा झाली आणि आज देशात जवळपास 14 लाख अंगणवाड्या आहेत. सरकारी खात्याला अंगणात बसायचं सुचलं नसतं असं नाही म्हणत मी, पण सुचलं नव्हतं हे खरं. (त्या अंगणवाडीतल्या सेविकेला आपण अजून पगार नाही, मानधन देतो आणि वर ढीगभर रजिस्टरं भरायला लावतो, हा निराळ्या लेखाचा विषय.)

यावर कुणी म्हणेल, एका कोसबाडमागे शेकडो संस्था निघाल्या, बंद पडल्या, मागमूस राहिला नाही. बरोबर आहे. पण प्रत्येक संस्थेने देशव्यापी योजनेला जन्म द्यायलाच हवा, ही अपेक्षा आली कुठून? गावातल्या ग्रंथालयाकडून आपण ती करत नाही. एखाद्या संस्थेने पंधरा वर्षांत एका वस्तीतली बालमजुरी मोडून काढली आणि तिथल्या शाळेची व्यवस्थापन समिती जिवंत केली, एवढं काम पुरेसं आहे. कायद्याने त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, आणि एकूण निम्म्या महिला. बहुतेक ठिकाणी ती कागदावर असते, सह्या घरोघर फिरवून घेतल्या जातात. तिथे चार आया प्रत्यक्ष बसायला लागल्या, शिक्षक दुसऱ्या कामावर का पाठवला, खिचडी तीन दिवस का नव्हती, हे विचारायला लागल्या, तर संस्था उद्या उठून गेली तरी त्या आया तिथेच राहणार आहेत. हात जोडायला शिकवणाऱ्या मदतीवर मला सुचणारा हाच एक उतारा आहे.

सातत्याच्या आक्षेपाला मात्र इतकं सोपं उत्तर नाही. मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत 2001 ते 2003 या काळात ‘बालसखी’ कार्यक्रमाचा काटेकोर अभ्यास झाला. अभ्यासकांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना पुढे 2019 मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मागे पडलेली तिसरी-चौथीची मुलं रोज दोन तास बाजूला घ्यायची आणि वस्तीतल्याच शिकलेल्या तरुणीने त्यांना अक्षर-अंकांपासून शिकवायचं, एवढाच तो कार्यक्रम. मुलं स्पष्टपणे पुढे गेली, आणि तीही फार थोड्या खर्चात. पण आधार निघाल्यावर वर्षभरात त्या फायद्यातला बराचसा भाग विरला, हेही त्याच अभ्यासात आहे. संस्थांच्या अहवालात पहिलं वाक्य छापलं जातं, दुसरं नाही. टीकाकार नेमकं उलट करतात. दोन्ही वाक्यं एकत्र वाचली तर काय दिसतं? वस्तीतली मुलगी, थोडं प्रशिक्षण घेऊन, मागे पडलेल्या मुलाला वाचायला लावू शकते. आणि हे काम एका हंगामाचं नाही, मूल प्राथमिक शाळेत आहे तोवर कुणीतरी ते धरून ठेवायला हवं. मुलांना वाचता येतं का, गणित येतं का हे घरोघर तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीत 2022 मध्ये देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी 42.8 टक्केच मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. एवढं मागे पडलेलं मूल दोन महिन्यांच्या उन्हाळी वर्गाने सावरत नाही.

धरून ठेवायचं म्हटलं की माणूस लागतो, माणूस म्हटला की पगार, आणि इथे गाडी येऊन थांबते, कारण पगाराला कुणी पैसे देत नाही. जून उजाडला की दप्तरांचा पाऊस पडतो. एकाच वस्तीत तीन मंडळं, दोन बँका आणि एक माजी नगरसेवक दप्तरं वाटून जातात. पोरांच्या घरी खुंटीला चार-चार दप्तरं लटकलेली असतात आणि शाळेत जायला कारण एकही नसतं. दप्तराचा फोटो निघतो. त्यावर नाव छापता येतं. मुख्याध्यापकांसमोर खुर्ची ओढून बसलेल्या ताईचा फोटो काढून वार्षिक अहवालात कुठे लावणार? म्हणून देणगीदार विचारतो, शंभरातले किती रुपये ‘थेट मुलांपर्यंत’ पोचले? ताईचा पगार त्याला मुलांपर्यंत पोचलेला वाटत नाही, दप्तर वाटतं. माझ्या मते या एका समजुतीने छोट्या संस्थांचं जेवढं वाटोळं केलं तेवढं सरकारी अनास्थेनेही केलेलं नाही. पगार देता येत नाही म्हणून स्वयंसेवक, स्वयंसेवक म्हणून सातत्य नाही, सातत्य नाही म्हणून परिणाम नाही. आणि मग आपणच म्हणायला मोकळे, की या संस्थांनी होतं काय?

कायद्यानेही हीच समजूत उचलली आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 मध्ये दुरुस्ती झाली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आणली आणि मोठ्या संस्थेने असा निधी छोट्या संस्थेला पुढे देण्यावर बंदी घातली. वस्तीतल्या संस्थेला परदेशी देणगी थेट मिळण्याची शक्यता मुळातच कमी. मिळायचा तो पैसा असा झिरपत यायचा, तो बंद झाला. गैरव्यवहार रोखायला हवा हे मान्यच आहे. हिशेबाच्या नावाने शंख असलेल्या, कुटुंबातल्याच पाच जणांचं विश्वस्त मंडळ असलेल्या संस्था आपण सगळ्यांनी पाहिल्यात. पण हिशेब चोख हवेत, धर्मादाय आयुक्तांकडे वेळेवर पोचायला हवेत आणि हिशेबनीस ठेवायला मात्र पैसे नकोत, हे कसं जमायचं? कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही गोष्ट आपण डोळ्यांत पाणी आणून सांगतो. ती अभिमानाची आहेच. पण शंभर वर्षांनंतरही एखाद्या बाईचे दागिने मोडण्यावर शिक्षणाचं काम चालावं अशी अपेक्षा ठेवणं हा त्यागाचा गौरव नाही, कंजूषपणा आहे.

राहिला चौथा आक्षेप, सरकारच्या सोयीचा. इंग्लंडमध्ये अगदी गरिबांच्या मुलांसाठी फाटक्या कपड्यांनिशीही येता येईल अशा ‘रॅगेड स्कूल’ निघाल्या, 1844 मध्ये त्यांचा संघ झाला. 1870 च्या शिक्षण कायद्याने स्थानिक शाळा मंडळं आली आणि पुढच्या वर्षांत यातल्या बहुतेक शाळा मंडळांच्या शाळांत विलीन झाल्या किंवा बंद पडल्या. हा त्यांचा पराभव होता का? जे काम धर्मादायावर चाललं होतं ते करातून व्हायला लागलं, याहून मोठं यश त्यांना कुठलं हवं होतं? आपल्याकडे साखरशाळांचं जे झालं ते मात्र असं नाही. संस्थांनी फडाजवळ शाळा चालवल्या. शिक्षण हक्क कायद्यानंतर, मूल मान्यताप्राप्त शाळेतच हवं या न्यायाने त्या मागे पडल्या. तत्त्व बरोबर होतं. पण मुलांना सामावून घेणारी यंत्रणा तितक्या वेगाने उभी राहिली नाही, आणि बराच काळ कोपीतली मुलगी ना साखरशाळेत होती ना सरकारी. म्हणजे संस्थेने मागे हटणं योग्यच, पण कधी? सरकारने जीआर काढला तेव्हा, की मूल वर्गात दिसायला लागलं तेव्हा? मी दुसरं म्हणेन.

शाळा दत्तक घेणाऱ्यांनाही म्हणूनच आधी भिंतींच्या रंगाबद्दल विचारू नये. या शाळेच्या दोन-तीन किलोमीटरच्या परिघात किती वीटभट्ट्या आहेत, किती बांधकामं, तिथली किती मुलं शाळेच्या पटावर आहेत आणि किती वर्गात, हे तुम्हाला माहीत आहे का? ते शोधायला आणि त्या मुलांमागे लागायला माणूस नेमाल का, आणि त्याचा पगार करार संपल्यावर कोण देणार हे आजच लिहून घ्याल का? वस्तीतल्या संस्थेला देणगी देणाऱ्यानेही हेच विचारावं. चांगल्या संस्थेच्या कपाटात फोटोंपेक्षा अर्ज जास्त सापडतील: प्रवेशासाठी मुख्याध्यापकांना, विशेष प्रशिक्षणाच्या वर्गासाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांना, पोषण आहारासाठी पालिकेला, प्रत्येकावर आवक क्रमांकाचा शिक्का. दप्तरांच्या पावत्या नंतर पाहता येतील. आधी ती फाईल मागून घ्यावी, ज्या अर्जांना उत्तर आलेलं नाही ते बाजूला काढावेत आणि पुढच्या स्मरणपत्राखाली आपलीही सही करावी.